स्क्रीनवर आडवी चीर का पडते? लिनक्स, ओपन-सोर्स ड्रायव्हर आणि चुकलेली वेळ

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्यांतल्या बऱ्याच मशिनींवर आता लिनक्स चढवलं जातंय. इन्स्टॉल निर्विघ्न पार पडतं, वाय-फाय लागतं, आवाज येतो. मग कुणीतरी व्हिडिओ लावतं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो आणि चित्राच्या मधोमध सरळ आडवी चीर पडते. सरळ उभा खांब, पण वरचं अर्धं मागे राहिलेलं आणि खालचं अर्धं बोटभर पुढे सरकलेलं. क्षणभरात सगळं जागेवर येतं आणि पुन्हा कॅमेरा फिरला की पुन्हा चीर.

यालाच स्क्रीन टिअरिंग म्हणतात. आपण ‘चित्र फाटणं’ म्हणू. पहिला संशय मॉनिटरवर जातो, दुसरा केबलवर, तिसरा ‘फुकटातल्या’ ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर. बहुतेक वेळा तिघेही निर्दोष असतात.

स्क्रीनशॉट काढा, काहीच दिसणार नाही

मदत मागायची तर पुरावा हवा, म्हणून माणूस स्क्रीनशॉट काढतो आणि त्यात चित्र अगदी अखंड येतं. मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढला तर मात्र चीर स्पष्ट दिसते.

निदानाची पहिली परीक्षा हीच. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या चित्राची नक्कल. तिथे सगळं ठीक असेल आणि डोळ्यांना मात्र चीर दिसत असेल, तर बिघाड मेमरीतून मॉनिटरकडे जाण्याच्या वाटेत आहे. उलट स्क्रीनशॉटमध्येही वेडेवाकडे तुकडे आले, तर तुमचा आजार वेगळा आहे आणि या लेखातल्या औषधांनी तो बरा होणार नाही. व्हिडिओचंही तसंच. काही वेळा रेकॉर्ड करतानाच चित्र फाटलेलं असतं. व्हिडिओ नेमक्या जागी थांबवला आणि चीर तशीच दिसत राहिली, तर ती फाइलमधलीच.

फळा आणि वही

वर्गात फळ्यावर गणित लिहिलंय आणि एक विद्यार्थी ते वरून खाली, ओळीमागून ओळ, वहीत उतरवतोय. तो निम्म्यावर आला असताना सरांनी झटकन फळा पुसून पुढचं गणित लिहिलं. विद्यार्थी मान वर करतो आणि पुढची ओळ उतरवायला घेतो. आता वहीच्या पानावर वर पहिल्या गणिताचा अर्धा भाग आणि खाली दुसऱ्याचा. चूक ना सरांची, ना विद्यार्थ्याची. दोघांचं वेळापत्रक जुळलेलं नाही, एवढंच.

मॉनिटर हा तो विद्यार्थी. सर्वसाधारण मॉनिटर सेकंदाला ६० वेळा पूर्ण चित्र उतरवून घेतो. या वेगाला रिफ्रेश रेट म्हणतात. म्हणजे एका चित्राला, एका फ्रेमला, सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. फळा म्हणजे ग्राफिक्स मेमरीतला तो भाग, जिथे चालू चित्र ठेवलेलं असतं. त्याला फ्रेमबफर म्हणतात. आणि सर म्हणजे चित्र काढणारा प्रोग्राम: ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, गेम.

चीर किती मोठी दिसेल हेही यावरून काढता येतं. एखादी खिडकी सेकंदाला १२०० पिक्सेल या वेगाने ओढली, तर एका फ्रेममध्ये ती २० पिक्सेल सरकते. चित्र मधेच बदललं की वरच्या आणि खालच्या भागात तेवढीच, २० पिक्सेलची, पायरी पडते. म्हणून लेख वाचताना काही जाणवत नाही आणि कॅमेरा जोरात फिरला की डोळ्यांत खुपतं.

एक गमतीशीर प्रकार बघण्यासारखा आहे. बऱ्याच मॉनिटरचा वेग पुरता ६० नसून ५९.९४ असतो. समोरून ठोक ६० च्या वेगाने चित्रं येत असतील, तर चीर एका जागी राहत नाही. दर फ्रेमला किंचित सरकत साधारण १७ सेकंदांत अख्खा पडदा पार करते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशी शिस्तीत चालणारी चीर दिसली, तर केबल बदलायच्या फंदात पडू नका.

अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडी मोठी सुट्टी

उपाय फळ्याच्या गोष्टीतच दडलेला आहे. दोन फळे ठेवा. विद्यार्थी एकावरून उतरवतोय तोवर सर दुसऱ्यावर लिहितील. आणि फळ्यांची अदलाबदल कधी करायची? विद्यार्थी पान संपवून नवं पान उलटतो, नेमकी त्या वेळी.

मॉनिटरही असं ‘पान उलटतो’. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत तळाशी पोचला की त्याला पुन्हा वर जायला थोडा अवधी लागायचा. नळी गेली, पण सिग्नलमधली ही मोकळी जागा राहिली. १९२० बाय १०८० च्या प्रचलित सिग्नलमध्ये ओळी १०८० नसून ११२५ असतात. जादाच्या ४५ ओळी रिकाम्या. वेळेत मोजलं तर ही सुट्टी एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश इतकी. तिला व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात आणि तिची वाट पाहून मगच चित्र बदलण्याला व्ही-सिंक.

म्हणजे फाटणं थांबवायचं तर दोनच गोष्टी लागतात: एक जादा फळा आणि वाट पाहणारं कुणीतरी. सगळी मेख त्या ‘कुणीतरी’मध्ये आहे.

मग विंडोजवर का फाटत नव्हतं?

एके काळी तिथेही फाटायचं. विंडोज एक्सपीवर खिडकी जोरात ओढून पाहिलेल्यांना ते आठवत असेल. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून पडद्यावर देणारा एक मुकादम नेमला आणि विंडोज ८ पासून तो बंद करण्याची सोयही काढून टाकली. अशा मुकादमाला कंपोझिटर म्हणतात.

लिनक्सवर कैक वर्षं पडद्याचा कारभार एक्स विंडो सिस्टिमकडे होता. तिची सुरुवात १९८४ ची, एमआयटीमधली. आज चालते ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. प्रोग्रामने ‘इथे रेघ मार, तिथे अक्षर काढ’ असं सांगायचं आणि एक्सने ते थेट चालू फळ्यावर काढायचं, अशी तिची मूळ रीत. तेव्हाच्या स्थिर खिडक्यांना ते पुरेसं होतं. कंपोझिटरसाठी लागणारी जोडणी २००४ मध्ये आली खरी, पण ऐच्छिक. कुणी तो चालवतं, कुणी ‘मशीन जुनं आहे, हलकं राहू दे’ म्हणून बंद ठेवतं, आणि मग वाट पाहायला कुणीच उरत नाही. जुन्या मशीनवर हलका डेस्कटॉप टाकणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, तो याचमुळे.

‘ड्रायव्हर ओपन-सोर्स आहे म्हणून होतं ना?’

नाही. ओपन-सोर्स म्हणजे कोड सर्वांना खुला असणं, त्याचा चिरेशी संबंध नाही. पण ही समजूत का रुजली हे समजण्यासारखं आहे, कारण लिनक्सवर ‘ड्रायव्हर’ हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरतात.

पहिला थर कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला: एएमडीच्या कार्डांसाठी एएमडीजीपीयू, त्याहून जुन्यांसाठी रेडिऑन, इंटेलसाठी आय-९१५, एनव्हिडियासाठी नूव्हो. मॉनिटरशी प्रत्यक्ष बोलणारा आणि फळ्यांची अदलाबदल करणारा हाच. दुसरा थर मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज त्रिमितीय चित्रं काढण्याचं बहुतेक काम करतो. तिसरा थर फक्त एक्ससाठीचा, त्याचा छोटा ड्रायव्हर. त्याचं नावही पुन्हा एएमडीजीपीयू किंवा इंटेल असंच असू शकतं, की गोंधळ पक्का!

चित्र फाटायला लागलं की लोक मेसाची नवी आवृत्ती टाकतात. गेमचा वेग कदाचित वाढतो, चीर तशीच राहते, कारण तिचा संबंध पहिल्या आणि तिसऱ्या थराशी असतो. एएमडीचा कर्नल ड्रायव्हर स्वतः एएमडीचे लोक लिहितात, इंटेलचा इंटेलचे. त्याच्यामागे कुठे ‘खरा’, लपवून ठेवलेला चांगला ड्रायव्हर नाही. एनव्हिडियाचं प्रकरण तेवढं वेगळं. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या कार्डांना कंपनीची सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, लागतं, त्यामुळे नूव्होला त्यांचा वेग वाढवता येत नाही आणि चित्र अडखळतं. पण अडखळणं म्हणजे फाटणं नव्हे. त्यावर व्ही-सिंकचा इलाज करत बसू नये.

आधी बघा, सेशन कुठलं आहे

माझं स्पष्ट मत: काहीही टाइप करण्याआधी आपलं सेशन एक्सवर चालतंय की वेलँड या तिच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, ते पाहावं. नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे दोन मोठे डेस्कटॉप. नोमवर सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टिम’ अशी ओळ असते. केडीईच्या माहिती केंद्रात ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ अशी. एक्स दिसलं तर लॉग-आउट करा, लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडायचं बटण शोधा, वेलँड निवडा आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावा. निम्म्याहून अधिक लोकांचा लेख इथेच संपेल, असा माझा अंदाज.

वेलँड २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलं आणि ‘प्रत्येक फ्रेम निर्दोष’ हे पहिल्यापासूनचं ध्येय ठेवलं. इथे कुणालाही चालू फळ्यावर हात लावता येत नाही. प्रोग्रामने पूर्ण झालेलं चित्र कंपोझिटरच्या हाती द्यायचं. तो सगळी जुळवून, सुट्टी साधून, कर्नलकडे सोपवतो. मुकादम इथे ऐच्छिक नाही, तोच कारभारी आहे. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०१६ मध्ये, २५ व्या आवृत्तीत, वेलँड मुख्य सेशन केलं. केडीई प्लाझ्माने २०२४ मध्ये, सहाव्या आवृत्तीत. जुने प्रोग्राम एक्सवेलँड नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

एक्सवरच राहायचं असेल तर

कारणं असतात. एखादं स्वयंचलित टायपिंगचं साधन, दुरून पडदा चालवायचा प्रोग्राम, किंवा हाताला बसलेला डेस्कटॉप. मग दोन वाटा आहेत.

पहिली कंपोझिटरची. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटरचा टॅब असतो, तिथली खूण चालू करा. कंपोझिटर नसलेल्या डेस्कटॉपवर पिकॉम हा सुटा कंपोझिटर टाका आणि त्यात व्ही-सिंक सुरू ठेवा. यात एक पळवाट राहते: पूर्ण पडद्यावर व्हिडिओ किंवा गेम लावला की काही कंपोझिटर वेग वाचवायला बाजूला होतात. खिडकीत व्हिडिओ नीट, पूर्ण पडद्यावर फाटतो, असं दिसलं तर हेच कारण.

दुसरी वाट एक्सच्या ड्रायव्हरमधल्या ‘टिअरफ्री’ची. इथे जादा फळा ड्रायव्हर स्वतः ठेवतो आणि वाटही तोच पाहतो. कोण काय काढतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एएमडीजीपीयू आणि रेडिऑनवर एक्सरँडर या आज्ञेने ते चालू सेशनमध्येच, त्या त्या मॉनिटरपुरतं, सुरू करता येतं. आधी तसं करून बघा. पटलं तरच कायमची फाइल लिहा. एक्सच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये पाच ओळींची छोटी फाइल असते: विभागाची सुरुवात, एक नाव, ड्रायव्हरचं नाव, टिअरफ्री ‘ट्रू’, विभागाचा शेवट.

इंटेलवाल्यांनी इथे जपून. टिअरफ्रीचा सल्ला इंटेलच्या जुन्या एक्स-ड्रायव्हरसाठी सर्वांत जास्त दिला जातो, पण तो ड्रायव्हर म्हातारा झालाय. २०१६ पासून डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांनी इंटेलच्या बहुतेक चिप्ससाठी मोडसेटिंग हा सर्वसाधारण ड्रायव्हर धरला. माझ्याकडून हीच चूक झाली होती. कुठूनतरी उचललेल्या पाच ओळी फाइलमध्ये डकवल्या, ड्रायव्हरच्या जागी ‘इंटेल’ लिहिलं आणि रीस्टार्ट केलं. तो ड्रायव्हर मशीनवर होताच कुठे? काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर गेल्यावर, लॉगिन करून फाइल उडवल्यावर सगळं पूर्ववत झालं. तेव्हापासून आधी त्या तीन कळा दाबून बघायच्या आणि मगच फाइलला हात लावायचा, ही सवय लागली. मोडसेटिंगसाठीही टिअरफ्री नंतर लिहिलं गेलं, पण एक्सच्या प्रत्येक आवृत्तीत ते मिळेलच असं नाही.

आहे की नाही, हे एक्सच्या लॉग फाइलमध्ये कळतं. ‘टिअरफ्री’ शोधा. ओळीच्या सुरुवातीला कंसात दोन तारे असले तर तुमची फाइल वाचली गेली. दोन ‘बरोबर’च्या खुणा असल्या तर ड्रायव्हर आपल्याच मर्जीने चाललाय. आणि दोन ‘डब्ल्यू’ असून पुढे ‘पर्याय वापरला नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर तुमच्या ड्रायव्हरला तो शब्दच ठाऊक नाही.

दोन मॉनिटर, दोन विद्यार्थी

एक ६० चा, दुसरा १४४ चा. एक्सच्या दृष्टीने हे दोन मिळून एकच लांबलचक फळा. कंपोझिटर एकाच विद्यार्थ्याकडे बघून पान बदलतो, मग दुसऱ्याच्या वहीत चीर पडणारच. अशा जोडीला टिअरफ्री बरं, कारण ते प्रत्येक मॉनिटरचा वेगळा फळा ठेवतं. वेलँडचे मोठे कंपोझिटरही प्रत्येक मॉनिटरची वेळ वेगळी सांभाळतात.

‘पण मग सगळं जड वाटतं’

ही तक्रार खरी आहे. वाट पाहायची म्हणजे उशीर आलाच. ६० च्या मॉनिटरवर जास्तीत जास्त एका फ्रेमचा, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांपर्यंत. डोळ्यांनी बघायचा असेल तर खिडकी शीर्षकपट्टीला धरून गरागरा फिरवा. माउसचा बाण पुढे पळतो आणि खिडकी रबराने बांधल्यासारखी मागून येते. बाण वेगळ्या थरावर असतो, त्याला या रांगेत उभं राहावं लागत नाही. म्हणून फरक इतका उघडा पडतो. मेमरीचा खर्च मात्र किरकोळ: १९२० बाय १०८० चा एक जादा फळा म्हणजे सुमारे ८.३ मेगाबाइट.

जडपणाचं खरं कारण बहुतेकदा वेगळंच निघतं. वैतागलेला माणूस एकेक करत सगळे उपाय चालू करतो: गेममध्ये व्ही-सिंक, कंपोझिटरमध्ये व्ही-सिंक, वर टिअरफ्री. आता तीन माणसं एकामागे एक उभी राहून त्याच सुट्टीची वाट बघतायत. चीर गेली, पण माउस मधात बुडवल्यासारखा. वाट एकानेच पाहावी. टिअरफ्री ठेवलं तर बाकीच्यांचं व्ही-सिंक बंद करून बघा.

आणखी एक गोष्ट. गेमला एक फ्रेम काढायला १७ मिलिसेकंद लागले, तर गाडी थोडक्यात चुकते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागतं. वेग ६० वरून थेट ३० वर. तिसरा फळा दिला की सरांना हात बांधून बसावं लागत नाही, ते पुढचं लिहायला घेतात. ट्रिपल बफरिंग म्हणतात ते हेच.

विद्यार्थ्यालाच थांबवलं तर?

आतापर्यंत सरांनी विद्यार्थ्याची वाट पाहिली. काही मॉनिटर उलटं करतात: सरांचं लिहून झालं की मगच नवं पान सुरू. हा बदलता रिफ्रेश रेट. एएमडी त्याला फ्रीसिंक म्हणते. लिनक्सच्या कर्नलमध्ये एएमडीसाठी तो २०१९ मध्ये, ५.० व्या आवृत्तीत आला. मॉनिटर आणि केबल दोघांनाही तो यायला हवा, आणि ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच तो चालतो. नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर हे बघून घ्या. निव्वळ व्हिडिओतली चीर घालवायला मात्र घेऊ नका, ते काम वर सांगितलेल्या उपायांनी होतं.

आणि एवढं सगळं करून चित्र सांधल्यावर चीर परत मागणारे लोकही आहेत. नेम धरून खेळायच्या गेममध्ये शत्रू पडद्यावर काही मिलिसेकंद आधी दिसला तर फायदा होतो, मग अर्धं चित्र फाटलेलं का असेना. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये वेलँडमध्ये खास तरतूद केली गेली: पूर्ण पडदा व्यापलेल्या गेमने तशी विनंती केली, तर कंपोझिटरने सुट्टीची वाट न पाहता चित्र मधेच बदलायला हरकत नाही. केडीईच्या मॉनिटर सेटिंगमध्ये यासाठी एक खूण असते. वेलँडवर असूनही फक्त गेममध्येच चीर दिसत असेल, तर ती खूण एकदा तपासा.